माझा आवडता प्राणी : निबंधातला कुत्रा आणि अंगणातला कुत्रा



'माझा आवडता प्राणी' हा निबंध आपण दरवर्षी घेतो. फळ्यावर मुद्दे लिहून देतो : रंग, अवयव, अन्न, उपयोग. मुलं लिहितात, 'कुत्रा हा पाळीव प्राणी आहे. त्याला चार पाय, दोन कान व एक शेपूट असते. तो इमानी असतो. तो घराची राखण करतो.' चाळीस वह्या तपासल्या तरी कुत्रा एकच! मीही कित्येक वर्षं असाच निबंध घेतला.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात माझ्या तिसरीच्या वर्गातल्या एका मुलानं दहा ओळींच्या जागी दोनच ओळी लिहिल्या. मी घाईत होते. न वाचताच लाल पेनानं गोल करून 'ओळी अपूर्ण' असा शेरा मारला आणि वही परत दिली. तो काही बोलला नाही. शेजारची मुलगी म्हणाली, "मॅडम, त्याचा मोत्या मेलाय." तेव्हा मी वही परत घेऊन वाचली. लिहिलं होतं, 'आमचा मोत्या सोमवारी मेला. त्याला रक्ताची हगवण लागली होती.'

मोत्या जेमतेम चार महिन्यांचा होता. एकही लस झालेली नव्हती. पशुवैद्यकीय दवाखाना शाळेपासून सात किलोमीटरवर आहे आणि मी रोज त्याच्यावरून येते-जाते. घरच्यांना वाटलं, काहीतरी खाल्लं असेल, होईल बरा. म्हशीला काही झालं तर लगेच डॉक्टरला फोन लावणारं घर ते. पण कुत्र्यालाही लस असते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. म्हणून हा लेख. यातलं जे पटेल ते वर्गात आणि पालकसभेत जरूर सांगा.

मोत्याला काय झालं होतं?

डॉक्टरांना लक्षणं सांगितली तेव्हा ते म्हणाले, हा बहुतेक पार्वो. हा विषाणूचा आजार आहे. पिल्लू मलूल होतं, खाणं सोडतं, उलट्या होतात आणि घाण वासाची, रक्ताची हगवण लागते. अंगातलं पाणी इतक्या झपाट्यानं कमी होतं की दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. त्यामुळे अशी लक्षणं दिसली की 'उद्या बघू' म्हणायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, सलाईन लावावं लागतं.

दुसरी गोष्ट मला नवीन होती. आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून हा विषाणू मातीत जातो आणि तिथं कित्येक महिने, कधी वर्षभरही टिकतो. मुलाचे वडील तर पुढच्याच आठवड्यात नवं पिल्लू आणणार होते! त्याच अंगणात, त्याच साखळीला, त्याच जर्मनच्या थाळीत. ते पिल्लूही गेलं असतं.

मग असं ठरलं की पिल्लू मामाच्या आखाड्यावरच राहील, लसी तिथंच होतील आणि सगळे डोस झाल्यावरच ते घरी येईल. मुलानं दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत वाट बघितली. नाव आधीच ठरवून ठेवलं होतं, खंड्या.

लसीकरण आणि जंताचं औषध

साधारण वेळापत्रक असं असतं. (नेमक्या तारखा डॉक्टर ठरवतील.)

1. पार्वो, डिस्टेंपर वगैरे आजारांची एकत्रित लस : पहिला डोस 6 ते 8 आठवड्यांचं असताना. पुढे दर 3-4 आठवड्यांनी एक, पिल्लू 16 आठवड्यांचं होईपर्यंत.
2. रेबीजची लस : तीन महिन्यांचं झाल्यावर. नंतर डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर आणि पुढे दरवर्षी.
3. जंताचं औषध : लहानपणी दर 15 दिवसांनी, मोठं झाल्यावर साधारण तीन महिन्यांनी.

आमच्या भागात रेबीजची लस सहज मिळते, पण पार्वोची बऱ्याचदा दुकानातून विकत आणावी लागते. ती थंडच राहिली पाहिजे. बर्फ टाकलेल्या थर्मासमधून न्या. उन्हात खिशात घालून नेलेल्या लसीचा उपयोग होत नाही. सगळे डोस होईपर्यंत पिल्लाला गावभर फिरवू नका.

लस टोचली की कार्डावर तारीख लिहून घ्या. खंड्याचं कार्ड त्या मुलानं स्वतःच्या दप्तरात ठेवलंय. गणितातल्या 'दिनदर्शिका' या घटकाला यापेक्षा चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही.

खायला काय द्यायचं?

आपल्याकडे कुत्र्याचं जेवण म्हणजे शिळी भाकरी आणि उरलेलं कालवण. भाकरी वाईट नाही, पण नुसत्या भाकरीवर पिल्लू वाढत नाही. सोबत उकडलेलं अंडं, दही-ताक, जमेल तसं हाडं काढलेलं चिकन द्यावं. शिजवलेली हाडं मात्र नकोत, ती फुटून टोकदार होतात आणि घशात, आतड्यात रुततात. तिखट-मिठाचं कालवण टाळा.

काही पदार्थ कुत्र्याला विषासारखे असतात. चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षं आणि मनुका. आपल्या जिल्ह्यात द्राक्षबागा आहेत, मुलं लाडानं घड पुढे करतात. शिऱ्यातल्या मनुकाही चालत नाहीत. मुलांना हे आवर्जून सांगा, कारण लपूनछपून खाऊ तीच देतात.

चला फिरायला!

निरोगी कुत्र्याला रोज मोकळं फिरणं लागतं. दिवसभर साखळीला बांधलेलं कुत्रं चिडकं होतं, भुंकत राहतं. आणि खरं सांगायचं तर फिरणं मुलालाही तितकंच लागतं. हा मुलगा आधी शाळेतून आला की मोबाईल घेऊन बसायचा. आता खंड्या दारात उभा राहतो, त्यामुळे याला उठावंच लागतं.

आपल्याला फिरायला हिल स्टेशन कशाला पाहिजे? बालाघाटाचे डोंगर आहेत, माळरान आहे, शेताचे बांध आहेत, पाझर तलावाची कड आहे. कुत्र्यासोबत तीच वाट वेगळी दिसते. ते दर दहा पावलांवर थांबून हुंगतं. हे थांबणं म्हणजे त्याचं पेपर वाचणं आहे, ओढू नका. मुलांना विचारा, त्याला इथं काय कळलं असेल? कोण गेलं असेल इथून? मुंगूस? शेळ्या? दुसरं कुत्रं? परिसर अभ्यासाचा अर्धा तास असाच होतो. जाता जाता एक गैरसमजही दूर करा. कुत्र्याला फक्त काळं-पांढरं दिसतं असं नाही. त्याला निळा आणि पिवळा रंग ओळखता येतो, लाल-हिरव्यात मात्र गोंधळ होतो. हिरव्या गवतात लाल चेंडू पडला तर ते डोळ्यांपेक्षा नाकानं शोधतं.

फिरायला जाताना एवढं लक्षात ठेवा :

• ऊन : मार्चपासून आपल्याकडे काय ऊन असतं ते तुम्हाला माहीतच आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते जीभ बाहेर काढून, धापा टाकून अंग थंड करतं. उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि दिवस मावळल्यावरच फिरवा. डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू सहा-सात सेकंद टेकवून बघा. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पायांनाही सोसत नाही.
• पाणी : बाटली आणि एक वाटी सोबत घ्या. कुत्रं खूप धापा टाकत असेल, लाळ गळत असेल, झोकांड्या खात असेल तर लगेच सावलीत न्या, अंगावर साधं पाणी घाला, वारा घाला आणि डॉक्टरकडे न्या. बर्फाचं पाणी नको.
• पट्टा : रस्त्यावर, बाजारात आणि मेंढरांचा कळप दिसला की पट्टा हातातच हवा. धनगराच्या कुत्र्यांचं ते कामाचं ठिकाण आहे, तिथं आपलं कुत्रं पाहुणं.
• फवारणी : सोयाबीन, तूर, द्राक्ष यांवर नुकतंच औषध मारलेलं असेल तर त्या रानात नेऊ नका. घरी आल्यावर पाय धुवा.
• गोचीड : पावसाळ्यात रोज कान, काख आणि बोटांच्या फटी तपासा. गोचिडीमुळे ताप येतो, रक्त कमी होतं. गुरांचं गोचिडीचं औषध मनानं कुत्र्याला लावू नका, प्रमाण चुकलं तर जीव जातो.
• वन्यजीव : ससा, हरीण, मोर यांच्या मागे कुत्रं सोडू नका. कुत्रं घेऊन सशाची शिकार करणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. गावात पोरं हौसेनं करतात, म्हणून स्पष्ट लिहितेय. येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात जायचं असेल तर कुत्रं घरी ठेवा. कुत्र्याचे आजार जंगलातल्या प्राण्यांना होऊ शकतात. किल्ले, लेणी अशा संरक्षित ठिकाणीही त्याला नेऊ नका.

चावलं तर?

हा भाग कृपया वर्गात मोठ्यानं वाचून दाखवा. माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी 99 टक्क्यांपर्यंत प्रकरणांत तो कुत्र्यापासून येतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एकदा लक्षणं सुरू झाली की माणूस जवळपास वाचत नाही. पण वेळेत उपचार केले तर रेबीज टाळता येतो. लुई पाश्चरनं 1885 मध्ये एका नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा ही लस दिली होती आणि तो मुलगा वाचला. पाश्चरचा स्मृतिदिन, 28 सप्टेंबर, जागतिक रेबीज दिन म्हणून पाळतात. शाळेच्या दिनविशेषात तो जरूर घ्या.

कुत्रं चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी :

1. वाहत्या पाण्याखाली साबणानं जखम 15 मिनिटं धुवा. घड्याळ लावून.
2. चटणी, चुना, हळद, तेल काहीही लावू नका. मंत्र-तंत्रात वेळ घालवू नका.
3. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. पोटातली 14 इंजेक्शनं आता नसतात, दंडावरच देतात. साधारण चावल्यावर लगेच, मग 3 ऱ्या, 7 व्या आणि 28 व्या दिवशी. पद्धतीप्रमाणे 14 व्या दिवशीही देतात. जखम खोल असेल तर आणखी एक इंजेक्शन जखमेजवळ देतात. कोर्स अर्धवट सोडू नका.

मूल मार बसेल म्हणून चावलेलं लपवतं. म्हणून आधीच सांगून ठेवा, 'सांगितलं तर कुणी रागावणार नाही.' हे वाक्य मी दर महिन्याला एकदा वर्गात म्हणते.

खेळातून शिकवायचं असेल तर 'झाड हो' हा खेळ घ्या. अनोळखी कुत्रं धावत आलं की पळायचं नाही, हात अंगाला चिकटवायचे, नजर खाली, झाडासारखं गप्प उभं राहायचं. जेवणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्लांजवळच्या कुत्रीच्या वाटेला जायचं नाही.

आपल्या मातीतलं कुत्रं

कुत्रं पाळायचं म्हणजे महागडं विलायती आणायचं, असं नाही. थंड प्रदेशातल्या दाट केसांच्या जातींचे आपल्या उन्हात हाल होतात. गावठी कुत्रं आपल्या हवेत मुरलेलं असतं. आपल्या लातूर भागात आणि कर्नाटकाच्या सीमेवर लांब पायांचे कारवान जातीचे कुत्रे प्रसिद्ध आहेत. पलीकडच्या मुधोळच्या कुत्र्यावर तर 2005 मध्ये टपाल तिकीट निघालं.

आणि श्रद्धेचं म्हणाल तर आपल्या अणदूर-नळदुर्गच्या खंडोबाला विसरून कसं चालेल? खंडोबासोबत घोडा असतो, तसं कुत्रंही असतं. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट मुलांना सांगतोच आपण. आता तुपाच्या वाटीसोबत लसीचं कार्डही घेऊन धावूया!

वर्गासाठी : निबंध कसा घ्यावा?

मी आता मुद्दे देत नाही, प्रश्न देते. तुझा प्राणी सकाळी पहिल्यांदा काय करतो? त्याला कशाची भीती वाटते? तो आजारी पडला तर तुला कसं कळतं? तुम्ही दोघं कुठं फिरायला जाता? ज्याच्या घरी प्राणी नाही त्यानं गल्लीतल्या किंवा शेतातल्या प्राण्याकडे आठवडाभर बघून लिहायचं. वही तपासताना आधी वाचायचं, मग पेन उचलायचं. हा नियम माझ्यासाठी.

त्याच मुलानं चौथीत लिहिलेल्या काही ओळी, त्याच्या आणि घरच्यांच्या परवानगीनं :

'माझ्या कुत्र्याचं नाव खंड्या. तो फटाक्याला भितो. तो माझ्याआधी उठतो. आम्ही पाझर तलावाला जातो. तो पाण्यात उतरतो पण बेडकाला घाबरतो. त्याला भाकरीपेक्षा अंडं आवडतं. त्याचं इंजेक्शन जानेवारीत आहे, माझ्या ध्यानात आहे. मोत्याला इंजेक्शन दिलं नव्हतं.'

आठच ओळी आहेत. या वेळी मी 'ओळी अपूर्ण' लिहिलं नाही.

लेख आवडला तर आपल्या शाळेच्या पालक गटात नक्की पाठवा. आणि तुमच्या वर्गात कुणाच्या घरी पिल्लू आलं असेल, तर उद्या त्याला एवढंच विचारा, 'लस झाली का रे?'