वाचलेली वीज

काळी कसदार जमीन आणि पांढरा शुभ्र कापूस ही वऱ्हाडची फार जुनी ओळख आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या दोन रंगांत तिसऱ्या रंगाची भर पडली. तो रंग धुराचा होय. अकोला जिल्ह्यातील बाळापूर तालुक्यात पारस नावाचे गाव आहे. मुंबईहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग या गावावरून जातो. तेथील औष्णिक विद्युत केंद्राचे उंच धुराडे प्रवाशांना दुरूनच दिसू लागते. अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथेही कोळशावर चालणारे एक मोठे केंद्र आहे. त्यात प्रत्येकी २७० मेगावॉटचे पाच संच आहेत.

घरातील दिवा लावताना या धुराड्यांची आठवण सहसा कोणाला होत नाही. पूर्वी कंदिलाची काच रोज पुसावी लागे. तिच्यावर धरलेली काजळी डोळ्यांना दिसे आणि बोटांना लागे. विजेचा दिवा मात्र स्वच्छ असतो; त्याची काच काळवंडत नाही. परंतु काजळी नाहीशी झाली असे समजणे भ्रमाचे ठरेल. दिवा एका गावी जळतो आणि त्याची काजळी दुसऱ्या गावी धरते, एवढाच काय तो फरक.

कोळशापासून वीज कशी तयार होते, हे येथे पाहिले पाहिजे. आगगाडीने आलेला कोळसा प्रथम पिठासारखा बारीक दळतात. मग तो भट्टीत फुंकून जाळतात. त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते. ही वाफ प्रचंड दाबाने एका चक्राच्या पात्यांवर आदळते आणि ते चक्र गरगर फिरू लागते. चक्राला जोडलेल्या जनित्रात वीज उत्पन्न होते. काम संपलेली वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करावे लागते आणि या खटाटोपात पुष्कळशी उष्णता हवेत निघून जाते. काही उष्णता धुराड्यातूनही जाते. परिणाम असा होतो की, कोळशात जेवढी उष्णता असते, तिच्या सुमारे एक तृतीयांशाचीच वीज होते. पुढे तारांतून गावोगाव जाताना त्या विजेचाही काही अंश वाया जातो. तीन भाकरींचे पीठ मळावे आणि ताटात जेमतेम एकच भाकरी यावी, तसा हा प्रकार आहे.

याच हिशेबाची दुसरी बाजू मोठी आशादायक आहे. ताटातील एक भाकरी वाचली, तर तीन भाकरींचे पीठ वाचते. कारखान्यात किंवा घरात एक युनिट वीज वाचली, म्हणजे विद्युत केंद्रात तिच्या सुमारे तिप्पट उष्णता देणारा कोळसा वाचतो. कोळशापासून एक युनिट वीज निर्माण करताना सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड वायू हवेत मिसळतो. जळलेल्या कोळशापेक्षा निघालेल्या वायूचे वजन अधिक भरते, हे ऐकून आश्चर्य वाटेल. परंतु कार्बनचे १२ भाग जळताना हवेतील ऑक्सिजनचे ३२ भाग आपल्याबरोबर घेतात आणि त्यांचा ४४ भाग वायू तयार होतो. हा वायू पृथ्वीभोवती पांघरुणासारखा राहून तिची उष्णता कोंडून धरतो.

इंधन तेच असले तरी यंत्र बदलले म्हणजे किती फरक पडतो, याचे उदाहरण वऱ्हाडातच सापडते. मूर्तिजापूरहून एकीकडे अचलपूरला आणि दुसरीकडे यवतमाळला जाणारी ‘शकुंतला’ ही अरुंद मार्गावरील आगगाडी १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावत असे. तिचे इंजिन लोकांच्या मोठ्या मायेचे होते. पण वाफेच्या अशा इंजिनात कोळशाच्या उष्णतेचे शंभरांतील दहा भागही गाडी ओढण्याच्या कामी येत नसत. आज अकोला व बडनेरा या स्थानकांवरून जाणाऱ्या मुख्य मार्गावर विजेची इंजिने धावतात. त्यांतील नव्या बनावटीची इंजिने ब्रेक लावताना गाडीच्या वेगापासून वीज तयार करून ती वरच्या तारेत परत सोडतात. पारसच्या केंद्रातही असाच पालट झाला. तेथील जुने संच लहान होते. २०१० पर्यंत तेथे प्रत्येकी २५० मेगावॉटचे दोन नवे संच उभे राहिले आणि जुने संच कालांतराने बंद झाले. वाफेचा दाब व उष्णतामान अधिक असलेल्या मोठ्या संचात प्रत्येक युनिटमागे जुन्या लहान संचापेक्षा कमी कोळसा लागतो.

विद्युत केंद्राकडून आता वीज वापरणाऱ्या कारखान्याकडे वळू. वऱ्हाडात सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे, म्हणजेच जिनिंग-प्रेसिंगचे, कारखाने गावोगावी आहेत. अकोल्यात डाळीच्या गिरण्या पुष्कळ आहेत. नांदगाव पेठेला वस्त्रोद्योगाची वसाहत असून अमरावतीच्या नव्या वस्त्रोद्योग उद्यानाची कोनशिला २०२४ साली बसवण्यात आली. अशा कारखान्यात वीज वाचवण्याचे काम हिशेबाच्या वहीपासून सुरू होते. कोणत्या यंत्राला किती वीज लागते, कोणते यंत्र रिकामेच फिरते, वाफेची नळी कोठे उघडी आहे, दाबलेली हवा कोठून फुसफुसत बाहेर पडते, याची तपासनीस नोंद करतात. या तपासणीला ऊर्जा-लेखापरीक्षण म्हणतात. वैद्य जसा नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही, तसे जाणते व्यवस्थापक मापे हाती आल्यावाचून यंत्र बदलत नाहीत.

जिनिंगच्या कारखान्याचेच उदाहरण घ्या. कापूस एका जागेहून दुसऱ्या जागी नेण्यासाठी अनेक ठिकाणी मोठमोठे पंखे लावलेले असतात. त्यांच्या वाऱ्याने कापूस नळ्यांतून ओढला जातो. ही सोय चांगली असली, तरी हलका कापूस नेण्यासाठी नळीतील सारी हवाच वेगाने पळवावी लागते. तोच कापूस फिरत्या पट्ट्यावरून नेला, तर वीज पुष्कळ कमी लागते. पंख्यांविषयी आणखी एक नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पंख्याचा वेग पाचव्या भागाने कमी केला, तर लागणारी वीज केवळ पाचव्या भागाने कमी होत नाही. ती जवळजवळ निम्म्यावर येते. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने सायकल चालवणाऱ्याला या नियमाची खूण चटकन पटेल. वेग थोडा उतरवला की पायांवरचा भार कितीतरी हलका होतो. म्हणूनच गरजेप्रमाणे वेग कमीजास्त करणारी उपकरणे अनेक कारखाने पंख्यांना व पंपांना बसवतात.

काही बाबतींत जुनी रीतच शहाणपणाची ठरते. डाळ करण्यापूर्वी तुरीला तेलाचा हात लावून ती उन्हात वाळवण्याची पद्धत पूर्वापार आहे. वऱ्हाडचे ऊन असह्य असते, हे खरे. पण वाळवणाला त्याच्यासारखा फुकटचा मदतनीस नाही. हेच ऊन छपरावरील सौर पट्ट्यांवर पडले की त्याची वीज होते. सौर वीज दिवसा मिळते आणि बरेचसे कारखानेही दिवसा चालतात, त्यामुळे दोहोंचा मेळ बसतो.

कापडाच्या धुलाईला व रंगाईला गरम पाणी आणि वाफ लागते. त्यासाठी बॉयलरमध्ये कोळसा जाळतात. या कोळशाच्या जागी शेतातील काडीकचरा वापरता येतो. कापूस वेचून झाल्यावर शेतात पऱ्हाट्या उभ्या राहतात. त्या तशाच राहिल्या तर गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो. बांधावर पेटवल्या तर नुसता धूर होतो. त्यांचा भुसा करून तो दाबला, म्हणजे कठीण विटा किंवा कांड्या तयार होतात. त्यांना लोक पांढरा कोळसा म्हणतात. पऱ्हाटीतील कार्बन तिने त्याच हंगामात हवेतून घेतलेला असतो. म्हणून ती जाळल्याने लाखो वर्षे जमिनीत गाडलेला कार्बन नव्याने बाहेर येत नाही. तथापि येथेही विवेक हवा. पऱ्हाटी तोडण्यास, वाहून नेण्यास व दाबण्यास जे इंधन लागते, ते हिशेबात धरले पाहिजे. शिवाय अनेक गरीब घरांची चूल याच पऱ्हाट्यांवर पेटते. त्या घरांचे सरपण नेऊन कारखान्याने आपला कोळसा वाचवला, तर त्या बचतीचे मोल त्या घरांनी चुकवले असे होईल.

कारखानदारांच्या या प्रयत्नांना कायद्याचीही जोड मिळाली आहे. भारताच्या संसदेने २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा केला आणि २००२ साली ऊर्जा दक्षता कार्यालय स्थापन झाले. २०१२ साली एक कल्पक योजना सुरू झाली. औष्णिक विद्युत केंद्रे, पोलाद, सिमेंट, खते, कापड इत्यादी आठ उद्योगांतील ४७८ मोठ्या कारखान्यांना ऊर्जाबचतीचे उद्दिष्ट ठरवून देण्यात आले. उद्दिष्टापेक्षा अधिक बचत करणाऱ्यास प्रमाणपत्रे मिळत. मागे पडणाऱ्यास ती विकत घ्यावी लागत. अशा रीतीने काटकसर करणाऱ्याच्या पदरी पैसा पडू लागला आणि उधळपट्टीला दंड बसू लागला. पहिल्या तीन वर्षांच्या अखेरीस ठरलेल्या उद्दिष्टापेक्षा अधिक बचत झाली आणि सुमारे ३ कोटी १० लाख टन कार्बन डायऑक्साइड हवेत जाण्याचे टळले. काही उद्योगांनी आपणहोऊनही पाऊल उचलले. मुंबईच्या महिंद्र अँड महिंद्र कंपनीने २०१६ साली आपल्याच धुरावर दर टनास १० डॉलर अशी किंमत बसवली आणि तो पैसा बचतीच्या कामांसाठी राखून ठेवण्याचे ठरवले.

घरोघरच्या दिव्यांचीही हीच कथा आहे. सरकारी कंपन्यांनी मिळून स्थापन केलेल्या एका कंपनीमार्फत जानेवारी २०१५ पासून ‘उजाला’ योजनेत एलईडी दिवे स्वस्तात विकण्यात आले. देशभर ३६ कोटींहून अधिक दिवे घरोघरी पोचले. ६० वॉटचा जुना दिवा जेवढा उजेड देतो, तेवढाच उजेड ९ वॉटचा एलईडी दिवा देतो. जुन्या दिव्यातील बहुतेक वीज उष्णतेत खर्ची पडत असे. तो हाताला चटका देई तो याचमुळे.

तथापि बचतीच्या प्रत्येक घोषणेवर डोळे मिटून विश्वास ठेवणे इष्ट नव्हे. समजा, एका कारखान्याला १७० किलोच्या एका गाठीमागे पूर्वी जेवढी वीज लागे, तीत आता पाचव्या भागाची बचत झाली. ही गोष्ट निश्चित स्तुत्य आहे. परंतु त्याच वेळी गाठींची संख्या दुप्पट झाली, तर एकूण धूर कमी न होता वाढलेलाच असेल. म्हणून दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावे लागतात. दर गाठीमागे किती वीज लागली, हा पहिला आकडा. आणि वर्षाकाठी एकूण किती लागली, हा दुसरा. पहिला आकडा यंत्राचे कौशल्य सांगतो, तर हवेवर किती भार पडला हे दुसऱ्यावरून कळते. दारात चार रोपे लावून त्यांची छायाचित्रे छापणे सोपे असते. हे दोन्ही आकडे दरवर्षी लोकांपुढे मांडण्यास मात्र प्रामाणिकपणा लागतो.

या सर्व गोष्टींचा वऱ्हाडशी अत्यंत निकटचा संबंध आहे. येथील कापूस, तूर व सोयाबीन मुख्यतः पावसाच्या भरवशावर पिकतात. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि दुपारी रस्ते ओस पडतात. पृथ्वी जसजशी तापते, तसतसे ऊन अधिक कडक होते आणि पावसाचे वेळापत्रक बिघडते. त्याची झळ गारव्यात बसलेल्या माणसाला कमी लागते. भर उन्हात धुऱ्यावर काम करणाऱ्या मजुराला आणि दुबार पेरणीचे संकट ओढवलेल्या शेतकऱ्याला ती सर्वांत अधिक लागते. धुराड्याचा धनी एक असतो आणि तापाचे वाटेकरी अनेक असतात. म्हणून ज्याचे यंत्र मोठे, त्याची जबाबदारीही मोठी.

काटकसर हा वऱ्हाडच्या शेतकऱ्याचा जुना गुण आहे. कणगीतील धान्य पुढच्या पिकापर्यंत पुरवावे लागते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. तेच धोरण आज कारखान्याच्या मीटरपाशी आले आहे. जेथे बचत रोज मोजली जाते आणि तिचा हिशेब उघडपणे मांडला जातो, तेथे पारसच्या भट्टीत जाणारा कोळसा तेवढ्यापुरता खाणीतच राहतो.