न विचारता होकार धरावा का?

मेंदूमृत्यू कसा ठरवतात, हे आपण गेल्या भागात पाहिलं. त्यापुढचा प्रश्न सहज सुचतो. लोक अवयवदानाचा अर्ज भरतच नाहीत, तर प्रत्येक जण दाता आहे असं कायद्यानंच धरावं आणि ज्याला नको असेल त्यानं तशी नोंद करावी. याला 'गृहीत संमती' म्हणतात. वेल्समध्ये २०१५ पासून आणि इंग्लंडमध्ये २०२० पासून हीच पद्धत आहे.

या बाजूनं नेहमी दाखला दिला जातो तो स्पेनचा. तिथे आज दर दहा लाख लोकसंख्येमागे चाळीसच्या वर मरणोत्तर दाते मिळतात, जगात जवळपास सर्वाधिक. पण तारखा नीट पाहा. गृहीत संमतीचा कायदा १९७९ चा. त्यानंतर दहा वर्षांनीही हे प्रमाण जेमतेम चौदा होतं. ते वाढू लागलं १९८९ नंतर, राष्ट्रीय प्रत्यारोपण संस्था उभी राहिल्यावर. राफाएल मातेसान्थ यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेनं रुग्णालयारुग्णालयांत समन्वयक नेमले. त्यांतले बहुतेक अतिदक्षता विभागातलेच डॉक्टर. कायदा काहीही म्हणो, तिथे नातेवाइकांना विचारल्याशिवाय अवयव काढत नाहीत. यशाचं श्रेय कायद्याला देऊ नका, हे खुद्द मातेसान्थ वारंवार सांगत आले.

ब्राझीलनं उलटा धडा घेतला. १९९७ मध्ये तिथे कायदा झाला आणि 'मी दाता नाही' हा शेरा ओळखपत्रावर मारून घ्यायला लोक धावले. सरकारी इस्पितळात आपल्याला वाचवायचा प्रयत्न तरी करतील का, ही भीती गरिबाला होती. डॉक्टरही कुटुंबाला विचारल्याशिवाय पुढे जाईनात. १९९८ मध्येच ती तरतूद रद्द झाली.

आपल्याकडे १९९४ चा कायदा संमतीवर उभा आहे आणि दहा लाखांमागे एकसुद्धा मरणोत्तर दाता भरत नाही. तरीही मला गृहीत संमती नको वाटते. अतिदक्षता विभागातलं दृश्य डोळ्यांपुढे आणा. व्हेंटिलेटरमुळे मुलाची छाती वर-खाली होते आहे, अंग गरम आहे, मॉनिटरवर ठोके दिसताहेत, आणि डॉक्टर आईला 'तो गेला' म्हणून सांगताहेत. सहा तासांच्या अंतरानं दोनदा केलेल्या तपासण्या तिला कुणीतरी शेजारी बसून समजावायला हव्यात. तिथे कायद्याचं कलम दाखवलं, तर इस्पितळांवर आधीच डळमळीत असलेला विश्वास पार उडेल.

म्हणून पैसा आणि माणसं आधी समन्वयकांवर लावावीत. जिल्हा रुग्णालयांतही प्रशिक्षित समन्वयक हवेत आणि मेंदूमृत्यू वेळेत जाहीर व्हायला हवा. तुमच्या-माझ्या हातात आहे ते एवढंच: दात्याचं कार्ड पाकिटात असलं तरी शेवटी विचारतात ते घरच्यांना. तेव्हा आपली इच्छा त्यांना आजच स्पष्ट सांगा.

(क्रमशः)