चाऱ्याचं पीक आणि मातीचा हिशेब : आठ गैरसमज आणि वस्तुस्थिती

कापसाला किती गोण्या खत लागलं, पपईला ठिबकमधून काय सोडलं, हे नंदुरबार जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला तोंडपाठ असतं. गोठ्यामागच्या नेपियरच्या चार गुंठ्यांना किंवा बांधावरच्या गवताला गेल्या वर्षी काय दिलं, असं विचारलं की मात्र तो क्षणभर थांबतो. कळसाडीसारख्या गावात जनावर हा घरखर्चाचा मोठा आधार असतो. तरीही त्या जनावराचं पोट भरणारी जमीन खताच्या वहीत सापडत नाही.

जिल्ह्यात जमिनीही दोन टोकांच्या आहेत. तापीकाठी खोल काळी, तर सातपुड्याच्या पायथ्याला आणि उतारावर हलकी, मुरमाड. दोन्हीकडे चाऱ्याबद्दलचे समज मात्र बरेचसे सारखे आहेत. त्यातले आठ इथे तपासू.

गैरसमज १ : गवत आपोआप येतं, त्याला खत कशाला?

वस्तुस्थिती : गवत आपोआप उगवतं हे खरं, पण ते मातीतलंच अन्न घेऊन वाढतं. कापून वाळवलेल्या एक टन गवतात साधारण 12 ते 15 किलो नत्र, 4 ते 5 किलो स्फुरद आणि 15 ते 20 किलो पालाश असतं. गवत शेतातून उचललं की हे सगळं त्याच्याबरोबर जातं. एकरी दोन टन वाळलं गवत दरवर्षी नेलं, तर नुसत्या नत्राचीच भरपाई करायला सव्वा ते दीड गोणी युरिया लागेल.

चरणारं जनावर आणि कापलेला भारा यांत मोठा फरक आहे. जनावर जिथे चरतं तिथेच शेण आणि मूत्र टाकतं, त्यामुळे खाल्लेल्या अन्नद्रव्यांचा बराच मोठा वाटा त्याच जमिनीत परत जातो. कापलेला चारा गोठ्यात किंवा बाजारात जातो आणि त्या तुकड्यात काहीच परत येत नाही. म्हणून चराऊ कुरणापेक्षा कापणीच्या गवताची भूक कितीतरी जास्त असते. चाऱ्याकडे पीक म्हणून पाहायचं ते याच कारणाने.

गैरसमज २ : काळ्या जमिनीत पालाश भरपूर, पोटॅशची गरज कधीच नाही

वस्तुस्थिती : काळ्या जमिनीतल्या चिकणमातीत पालाश चांगलं धरलं जातं आणि माती परीक्षणात ते बहुधा पुरेसं किंवा भरपूर दिसतं. पिकातून दाणा तेवढा विकायचा असेल तर हा साठा दीर्घकाळ पुरतो, कारण तृणधान्याच्या दाण्यात पालाश थोडं असतं आणि बरंचसं ताटात राहतं. थोडक्यात, धान्य विकलं तर मुख्यतः नत्र आणि स्फुरद जातं, कडबा विकला तर पालाश जातं.

संकरित नेपियरचं गणित पाहा. वर्षभर पाणी आणि खत असेल तर एकरी 40 टनांच्या आसपास हिरवा चारा निघतो. त्यात पाचवा हिस्सा कोरडा भाग धरला तर तो होतो आठ टन. एवढ्या चाऱ्यातून ढोबळमानाने 100 किलो नत्र आणि दीडशे किलोहून जास्त पालाश जातं. चार-पाच वर्षं हेच चाललं तर काळ्या जमिनीचाही साठा खाली येतो, आणि मुरमाड जमिनीत मुळातच साठा कमी असल्याने तो आधी येतो. जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपल्यासारख्या दिसणं आणि फुटवे कमी येणं ही त्याची खूण. म्हणून बहुवार्षिक गवताच्या जमिनीत दर दोन-तीन वर्षांनी पालाश मोजावं आणि आकडा घसरत असेल तर ते द्यावं.

गैरसमज ३ : युरियाने चारा हिरवागार झाला, म्हणजे जमीन सुपीक झाली

वस्तुस्थिती : युरियात 46 टक्के नत्र असतं, दुसरं कोणतंही अन्नद्रव्य नसतं. 45 किलोच्या गोणीतून पावणेएकवीस किलोच्या आसपास नत्र मिळतं. अनुदानामुळे ही गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते आणि बाकीची खतं तिच्या कितीतरी पट महाग पडतात. त्यामुळे हात साहजिकच युरियाकडे जातो. नत्राने पान हिरवं होतं, वाढ जोमात होते आणि त्या वाढीबरोबर स्फुरद, पालाश, गंधक, जस्त यांची उचलही वाढते. भरपाई मात्र एकट्या नत्राची होते. दोन-तीन वर्षांत असा तुकडा युरिया टाकूनही पूर्वीसारखा फुटत नाही.

युरिया कसा दिला यावरही बरंच ठरतं. चुनखडीयुक्त, विम्ल जमिनीवर ओलसर पृष्ठभागावर युरिया नुसता फेकून ठेवला आणि वर ऊन तापलं, तर नत्राचा मोठा भाग अमोनिया वायू होऊन उडतो. म्हणून युरिया टाकून लगेच पाणी द्यावं किंवा कोळप्याने तो मातीआड करावा. पूर्ण मात्रा एकदम देऊ नये. नेपियरला दर कापणीनंतर, तर चाऱ्याच्या ज्वारी-मक्याला पेरणीच्या वेळी आणि महिनाभराने अशी ती विभागून द्यावी.

गैरसमज ४ : नत्र जितकं जास्त, तितका चारा पौष्टिक

वस्तुस्थिती : इथे जनावराच्या जिवाचा प्रश्न आहे. नत्र भरपूर दिलं आणि पावसाने ताण दिला, तर ज्वारी, बाजरी, मका, नेपियर यांच्या ताटात, विशेषतः बुडख्याकडच्या भागात, नायट्रेट साचतं. जनावराच्या पोटात त्याचं नायट्राइट होतं आणि ते रक्तात गेलं की रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते. जनावराला धाप लागते, तोल जातो, हिरड्या आणि डोळ्यांच्या आतली त्वचा तपकिरी-निळसर होते, रक्त चॉकलेटी दिसतं. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ घालवू नये. पशुवैद्यकाला तातडीने बोलवावं, या विषबाधेवर इंजेक्शनचा उपचार आहे.

कोवळ्या ज्वारीचं विष वेगळं. त्यात हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं, म्हणून ज्वारी फुलोऱ्यावर येण्याआधी, विशेषतः पाण्याच्या ताणात, जनावरांपुढे टाकू नये. दोन्हींतला एक फरक नीट लक्षात ठेवायला हवा. ज्वारी चांगली वाळवली की हायड्रोसायनिक आम्ल बरंच उडून जातं, नायट्रेट मात्र वाळलेल्या चाऱ्यातही तसंच राहतं. मुरघासात ते काही प्रमाणात घटतं. ताणात सापडलेला आणि भरपूर युरिया खाल्लेला चारा जास्त उंचीवरून कापावा आणि दुसऱ्या चाऱ्यात मिसळून थोडा थोडा द्यावा. मोठ्या खंडानंतर पाऊस पडला की लगेच कापणी करू नये, आठवडाभर थांबावं.

गैरसमज ५ : लसूणघास, बरसीम यांनाही गवतासारखाच युरिया हवा

वस्तुस्थिती : लसूणघास, बरसीम, चवळी, स्टायलो, दशरथ घास ही द्विदल चारापिकं. यांच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू राहतात आणि हवेतलं नत्र पिकाला मिळवून देतात. गाठी तयार होईपर्यंत सुरुवातीला थोडं नत्र पुरतं. पुढे युरिया देत राहिलं तर गाठींचं काम मंदावतं, तणं माजतात आणि पैसा वाया जातो. या पिकांना खरी गरज स्फुरदाची, आणि बियाण्याला योग्य रायझोबियम लावण्याची. सिंगल सुपर फॉस्फेटमधून 16 टक्के स्फुरदाबरोबर गंधकही मिळतं, म्हणून द्विदल चाऱ्याला ते चांगलं. चुनखडीच्या जमिनीत स्फुरद लवकर अडकून पडतं, त्यामुळे ते वर फेकण्यापेक्षा पेरणीच्या वेळी बियाण्याच्या ओळीखाली द्यावं.

याचा फार जुना पुरावा इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात आजही उभा आहे. 1856 मध्ये लॉज आणि गिल्बर्ट या शास्त्रज्ञांनी तिथल्या वाळल्या गवताच्या कुरणात वेगवेगळ्या खतांचे तुकडे आखले आणि तो प्रयोग अजून चालू आहे. जिथे स्फुरद-पालाश दिलं आणि नत्र दिलं नाही, तिथे द्विदल वनस्पती वाढल्या. जिथे अमोनियायुक्त नत्र सतत दिलं, तिथे द्विदल नाहीशा झाल्या, जमीन आम्ल झाली आणि मोजक्या जातींचं गवत उरलं. आपल्या काळ्या जमिनी इतक्या सहज आम्ल होणार नाहीत, पण नुसत्या नत्राने द्विदल मागे हटतात ही शिकवण इथेही लागू आहे. नेपियरच्या दोन ओळींमध्ये दशरथ घास किंवा चवळी घेतली तर चाऱ्यातली प्रथिनं वाढतात आणि नत्राचा खर्च घटतो.

गैरसमज ६ : शेणखत घातलं की सगळी भरपाई झाली

वस्तुस्थिती : शेणखताला पर्याय नाही. ते सेंद्रिय कर्ब वाढवतं, मुरमाड जमिनीत पाणी धरून ठेवतं, काळी जमीन भुसभुशीत करतं. पण त्यातलं अन्न मोजून पाहा. साधारण शेणखतात अर्धा टक्का नत्र असतं. एकरी पाच टन घातलं तर 25 किलो नत्र होतं आणि त्यातला काही भागच पहिल्या वर्षी पिकाला मिळतो. एकरी 40 टन चारा देणारं नेपियर त्याच्या चौपट उचलतं. म्हणून जास्त कापण्या घ्यायच्या तर शेणखताच्या जोडीला मोजून रासायनिक खत लागतंच.

खरी गळती तर गोठ्यातच होते. जनावराने बाहेर टाकलेल्या नत्राचा जवळपास निम्मा किंवा त्याहून जास्त भाग आणि पालाशाचा बहुतांश भाग मूत्रातून जातो. आपण शेण गोळा करतो आणि मूत्र मातीच्या जमिनीत मुरू देतो. उरलेलं शेण उघड्या उकिरड्यावर पावसाने धुपतं किंवा गोवऱ्या होऊन चुलीत जातं, आणि जळताना त्यातलं नत्र उडून जातं. गोठ्यात उष्टावळ, वाया गेलेली कुट्टी, पालापाचोळा अंथरून मूत्र त्यात मुरवणं आणि रोज तो थर खड्ड्यात टाकणं हा सर्वांत स्वस्त खत कारखाना आहे. पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांच्या नावाची नाडेप पद्धत याच कामाची. हवा खेळायला भोकं ठेवलेल्या विटांच्या हौदात काडीकचरा, थोडं शेण आणि माती यांचे थर रचले की तीन-चार महिन्यांत भरपूर कंपोस्ट मिळतं. शेण थोडं असलं तरी खत जास्त होतं, ही तिची खुबी.

गैरसमज ७ : चुना टाकला की गवताची जमीन सुधारते

वस्तुस्थिती : चुना आम्ल जमिनीचं औषध आहे. कोकणातल्या जांभ्या जमिनीत किंवा परदेशातल्या पावसाळी कुरणांत त्याचा उपयोग होतो. तापी खोऱ्यातल्या काळ्या जमिनीत चुनखडी आधीच असते आणि सामू बहुधा सातच्या वर असतो. तिथे चुना टाकला तर स्फुरद, लोह, जस्त पिकाला आणखी कमी मिळतं. मक्याच्या कोवळ्या पानांवर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढुरके पट्टे दिसले तर बहुधा जस्त कमी पडलेलं असतं. परीक्षणात तसं निघालं तर हेक्टरी 20 ते 25 किलो झिंक सल्फेट शेणखतात मुरवून द्यावं. ओलिताखालची जमीन खारावली किंवा चोपण झाली असेल, तर निचरा आणि जिप्समचा विचार करावा, तोही मोजणी झाल्यावर.

गैरसमज ८ : डोंगरावरचं वाळलं गवत जाळलं की राखेने नवं गवत जोमात येतं

वस्तुस्थिती : आगीनंतरची हिरवळ ठळक दिसते, कारण वरचं वाळलेलं आच्छादन गेलेलं असतं. जळताना नत्र आणि गंधकाचा मोठा भाग धुरात जातो. राखेत पालाश, कॅल्शियम राहतं, पण उताराची जमीन उघडी पडलेली असल्याने पहिल्या वळिवात राख आणि वरची माती दोन्ही नाल्यात उतरतात. वारंवार आग लागली की पवना, मारवेल यांसारखी चांगली गवतं मागे पडतात आणि जनावरांना टोचणारी कुसळी वाढते.

चराऊ डोंगराला खताच्या गोणीपेक्षा विश्रांती जास्त उपयोगी पडते. पावसाळ्यात गवत बी धरेपर्यंत एक भाग बंद ठेवायचा, पुढच्या वर्षी दुसरा. उघड्या जागी मारवेल आणि स्टायलोचं बी टाकायचं. स्टायलो हवेतलं नत्र आणतं, त्यामुळे तिथे युरिया नेण्याची गरज उरत नाही. अशी बंदी गावानेच मिळून पाळावी लागते. शेजारच्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने स्वतःचे नियम करून जंगल राखलं. पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. नियम गावाने केले आणि गावानेच पाळले, म्हणून ते टिकले. गायरानाच्या सुपीकतेचा प्रश्न निम्मा मातीचा आणि निम्मा गावाच्या एकीचा आहे.

हिशेब सुरू कुठून करायचा?

माती परीक्षणापासून. मृदा आरोग्य पत्रिकेची योजना 2015 पासून देशभर चालू आहे आणि तिच्यात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, मुख्य अन्नद्रव्यं, गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं अशा 12 गोष्टी तपासल्या जातात. नमुना चाऱ्याच्या तुकड्याचा वेगळा काढावा, कापसाच्या शेताचा अहवाल त्याला लागू पडत नाही. कापणी झाल्यावर, खत देण्याआधी, तुकड्यात नागमोडी चालत दहा-बारा जागी इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे 15 ते 20 सेंटिमीटर खोल खड्डे घ्यावेत आणि त्यांच्या बाजूची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडावी. बांध, झाडाखालची जागा, उकिरडा, जनावर बांधायची जागा टाळावी. माती सावलीत वाळवून, चार भाग करून समोरासमोरचे दोन काढत काढत अर्धा किलो ठेवावी. कोळद्याचं कृषी विज्ञान केंद्र आणि गावचे सहायक कृषी अधिकारी पुढची वाट सांगतील.

त्याबरोबर वहीत एक पान चाऱ्याचं उघडावं : किती भारे कापले, किती विकले, किती शेणखत परत गेलं, कोणतं खत कधी दिलं. विकलेल्या प्रत्येक कडब्याच्या पेंढीबरोबर आपण मातीतलं अन्न विकत असतो. तिच्या किमतीतला एक वाटा जमिनीला परत दिला तरच पुढच्या वर्षी विकायला पेंढी उरते.