न दिसणाऱ्या हत्तींची शिरगणती

माळरानावरील हत्तींची शिरगणती विमानातून होऊ शकते; परंतु मध्य आफ्रिकेच्या विषुववृत्तीय अरण्यात, जेथे दहा हातांवर उभा असलेला हत्तीही दृष्टीस पडेलच असा भरवसा नसतो, तेथे अरण्यहत्ती किती उरले हे ठरविण्यासाठी संशोधकांना दीर्घकाळ लिदीच्या राशी मोजीत हिंडावे लागले.

मात्र जो दिसत नाही तो बोलतो. पूर्वी देवमाशांच्या गायनाचा अभ्यास केलेल्या केटी पेन या विदुषीला १९८४ साली अमेरिकेतील पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात, हत्तींच्या सान्निध्यात, कानांना ऐकू न येणारे परंतु हवेत जाणवणारे स्पंदन प्रतीत झाले. आणि ध्वनिमुद्रण वेग वाढवून ऐकल्यावर उलगडा झाला, की हत्तींचा पुष्कळसा संवाद सेकंदाला २० कंपनांच्या आसपास, किंबहुना त्याहूनही खाली, म्हणजे मानवी श्रवणशक्तीच्या सीमेपलीकडे चालतो. असा मंद्र नाद दाट झाडीतही दूरवर पोहोचतो.

याच शोधातून पुढे कॉर्नेल विद्यापीठात ‘एलिफंट लिसनिंग प्रोजेक्ट’ उभा राहिला. आणि काँगो प्रजासत्ताकातील नुआबाले-न्दोकी राष्ट्रीय उद्यान व त्याच्या आसपासचा मिळून सुमारे १,२५० चौरस किलोमीटर मुलूख निवडून त्याने तेथे ५० ध्वनिमुद्रक झाडांवर, हत्तीची सोंड पोहोचणार नाही इतक्या उंचीवर, तैनात केले. कुतूहल हा काही केवळ संशोधकांचाच गुण नव्हे. अहोरात्र जमणारे हे दफ्तर ऐकून काढणे मनुष्याच्या आवाक्यातले नाही. म्हणून नादाची आलेखचित्रे काढून, त्यांत तज्ज्ञांनी खूण करून दिलेले हत्तींचे हुंकार संगणकास वारंवार दाखविले जातात, आणि मग नव्या चित्रांतून तशीच आकृती तो आपण होऊन वेचतो. बंदुकीचे बारही तो याच रीतीने हुडकतो. पण मोडणाऱ्या फांदीशी त्याची गफलत होते, त्यामुळे शेवटचा निवाडा माणसाकडेच राहतो.

खरा पेच निराळाच आहे. ध्वनिमुद्रण काही महिन्यांनी, रान तुडवीत जाऊन, आणावे लागते. तोवर चोरटा शिकारी हस्तिदंतासह पसार झालेला असतो. तेव्हा ही व्यवस्था म्हणजे पहारा नव्हे, नोंदवही आहे. कोणत्या भागात, कोणत्या प्रहरी बार वाढले हे तीवरून कळते आणि गस्तीचा बंदोबस्त तेवढ्यापुरता बदलता येतो. अरण्यहत्तींची संख्या ३१ वर्षांत ८६ टक्क्यांहून अधिक घटल्याचे नमूद करून आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने २०२१ साली त्यांना अतिसंकटग्रस्त ठरविले. अशा वेळी यंत्रांना उदार हस्ते देणगी देणाऱ्यांनी, त्या नोंदीवर विसंबून रात्री रानात उतरणाऱ्या रक्षकांच्या पगाराचीही तरतूद आधी करावी.