नव्वद टक्के पाणी, तरीही चिवट

गुडघ्यातल्या हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. त्यात सत्तर-ऐंशी टक्के पाणीच असते, तरी जिना उतरताना शरीराच्या वजनाच्या तिपटीएवढा भार तो झेलतो. झिजला की मात्र पंचाईत, कारण कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात आणि ती सहसा भरून येत नाही.

तिच्या जागी बसवायला हायड्रोजेल, म्हणजे पाणी धरून ठेवणारे पॉलिमरचे जाळे, सुचणे साहजिक होते. ओटो विख्तेर्ले यांनी 1961 मध्ये प्रागमध्ये त्यापासून मऊ कॉन्टॅक्ट लेन्स घडवल्या. पण साध्या हायड्रोजेलवर भार पडला की ते जेलीसारखे फुटते.

कूर्चा फुटत नाही ती तिच्या बांधणीमुळे. प्रोटिओग्लायकनचे ऋणभारित रेणू पाणी ओढून तिला फुगवू पाहतात, कोलॅजेनचे ताठ तंतू तिला आवरून धरतात.

जपानच्या होक्काइडो विद्यापीठात जिआन पिंग गोंग आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये अशीच दोन जाळी एकमेकांत गुंतवली. पहिले ताठ आणि ठिसूळ, दुसरे सैल आणि लवचिक. ताण आला की पहिले जाळे जागोजागी तुटते. त्या असंख्य बारीक तुटण्यांतच ऊर्जा खर्ची पडते, चीर पुढे सरकत नाही आणि दुसरे जाळे सगळे धरून ठेवते. सुमारे 90 टक्के पाणी असलेल्या या जेलने 17 मेगापास्कलपर्यंत दाब सोसला, म्हणजे चौरस सेंटिमीटरला जवळपास 170 किलो! धारदार पाते दाबले तर ते खोल दबते, पण कापले जात नाही.

कल्पना विलक्षण खरी, पण तुटलेले पहिले जाळे पुन्हा जुळत नाही. एकदा जोरात ताणलेले जेल दुसऱ्या खेपेला मऊ पडते. गुडघा तर दिवसातून हजारो वेळा वाकतो. एका झटक्याला टिकणे वेगळे आणि वर्षानुवर्षे टिकणे वेगळे.

व्यायामाने स्नायू बळकट होतात, तसे जेलही होईल का? 2019 मध्ये एमआयटीतल्या श्वानहे झाओ यांच्या गटाने पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे जेल गोठवून वितळवले आणि पाण्यात बुडवून पुन्हापुन्हा ताणले. आतले सूक्ष्म तंतू ताणाच्या दिशेने रांगेत आले. आता आडव्या चिरेला पुढे जायचे तर प्रत्येक तंतू तोडावा लागतो. गोंग यांच्या गटाने त्याच वर्षी तुटण्यालाच कामाला लावले. नव्या साखळ्यांचा कच्चा माल असलेल्या द्रावणात जेल ठेवले, की तुटलेल्या साखळ्यांच्या क्रियाशील टोकांपासून नवे जाळे विणले जाते आणि ताणागणिक जेल बळकट होते. ही रसद गुडघ्यात कशी पोचवायची आणि ओले जेल हाडाला कायमचे कसे जोडायचे, हे मोठे अडथळे अजून समोर आहेत.