यंत्र काय म्हणतंय? – लेखांक ११ : पाठीवरचा पंप

"भाऊ, पंप कायच्या काय आवाज करून राहिला."

ऑगस्टातली दुपार. चिखलीत एका दुरुस्तीच्या दुकानात बसलो होतो, तेव्हा वावरातून हा फोन आला. मिस्त्रीने हातातला पाना खालीही ठेवला नाही. "गन बंद कर. फोन पंपाजवळ धर." स्पीकरवर आधी नुसता वारा आला. मग टुक्. तीन-चार सेकंद काही नाही. पुन्हा टुक्. "गनमधलं वायसर गेलं. आज चालव तसाच, पण जिथून गळते तिथं हात लावू नको. घरी धुऊन आण मग. वावरात खोलू नको." झालं. पुढचं गिऱ्हाईक.

गेल्या आठवड्यात आपण स्वयंपाकघरातल्या मिक्सरची कुरकुर ऐकली. आज चार्जिंगचा फवारणी पंप, कारण घाटावरच्या सोयाबीनला आणि घाटाखालच्या पऱ्हाटीला सध्या हाच पाठीवर घेऊन माणसं फिरताहेत. आपल्याकडे तर तो मापच होऊन बसला आहे. औषध किती, तर पंपाला तीस मिली. आणि वावर किती, तर दहा पंपाचं.

टाकीच्या बुडाखाली १२ व्होल्टची बॅटरी असते, शेजारी मुठीत मावेल एवढी मोटर. मोटरीच्या टोकाची चकती सरळ न फिरता लंगडत फिरते आणि त्या लंगडण्याने रबरी पडदा आलटून पालटून दाबला जातो. पडदा मागे आला की टाकीतलं पाणी आत, पुढे गेला की नळीत. उलटं जाऊ नये म्हणून आत नखाएवढ्या रबरी झडपा. ओट्याखालच्या आरओत जो पंप घरघरतो तो याचाच सख्खा भाऊ, आणि शेगाव-संग्रामपूरकडच्या खारपाणपट्ट्यातल्या वाचकांना त्याची ओळख वेगळी करून द्यायला नको.

या पंपाच्या डोक्यावर दाबाची कळ असते. गन बंद केली की नळीत दाब चढतो, कळ आतल्या स्प्रिंगवर रेलते, वीज तुटते, मोटर थांबते. गन उघडली की दाब उतरतो आणि मोटर पुन्हा सुरू. म्हणजे गन बंद केल्यावर चांगला पंप गप्प बसतो. तो गप्प न बसता थांबून थांबून टुक् करत असेल, तर दाब कुठून तरी निसटतोय आणि मोटर तो पुन्हा पुन्हा भरून काढतेय. नोझलच्या टोकाला थेंब लोंबत असेल तर गनचं वायसर. जोडाशी ओल असेल तर नळीची क्लिप. आणि सगळीकडे कोरडं असूनही टुक् चालूच असेल, तर पाणी पंपातूनच माघारी टाकीत जातंय; झडपेखाली बहुधा रेतीचा कण अडकलेला असतो. दोन-तीन टाक्या स्वच्छ पाणी मारलं की पुष्कळदा तो निघून जातो.

आता दुसरा आवाज, आणि मला खरं याच्याविषयीच बोलायचं आहे. गन उघडी आहे, फवारा चालू आहे, पण मोटर सलग न चालता टर्र, टर्र, टर्र अशी अडखळते. याचा अर्थ पंप जेवढं पाणी देतोय तेवढं नोझलमधून बाहेर पडत नाही. दाब क्षणात चढतो, कळ तुटते, उतरतो, जुळते. नोझल तुंबलं. खारं पाणी असेल तर भोकाच्या कडेला पांढरी पापडी धरलेली दिसते. इथे नव्वद टक्के लोक काय करतात ते मी लिहायला नको. नोझल काढतात, तोंडाला लावतात आणि फुंकर मारतात. मीही मारलेली आहे. वीस वर्षांचा होतो. संध्याकाळपर्यंत ओठ बधिर होते आणि घरी सांगायची हिंमत झाली नाही.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी, उकाडा, औषधांची सरमिसळ, अंगावर साधा सदरा, अशी कारणं तेव्हा पुढे आली. ती खरीच. पण भर वावरात पंप खोलणं, औषधाने माखलेल्या हाताने जाळी उपसणं, तोंडाने नळी ओढणं, यातूनही तेच औषध अंगात जातं. आवाज ओळखता आला तर निम्मी खोलाखोल टळते. नोझलचं म्हणाल तर दोन जास्तीची नोझलं डबीत ठेवावीत, हातमोजे घालून तुंबलेलं काढावं, दुसरं लावावं, आणि जुनं घरी पाण्यात भिजवून मऊ ब्रशने साफ करावं. तार घालू नये. भोक मोठं होतं आणि मग एकराला किती औषध पडतं याचा हिशेबच राहत नाही.

मोटरीचा आवाज एकाएकी हलका, चढा झाला आणि फवारा बसला, तर आत हवा शिरली. टाकी रिकामी नसेल तर पंपाकडे येणारी नळी सैल आहे किंवा चिरली आहे. सोबत गुडगुडही ऐकू येते.

डब्यात खडे हलवल्यासारखा खडखडाट झाला तर बुडाची जाळी तुंबली. पंपाला पाणी पुरत नाही, ओढाताणीत बुडबुडे तयार होतात आणि फुटतात, त्याचा तो आवाज. मोठ्या जहाजांचे पंखे याच बुडबुड्यांनी खरवडले जातात. मॅन्कोझेबसारखी भुकटी थेट टाकीत ओतली की हे हमखास होतं. आधी बादलीत कालवावी, मग गाळून घालावी.

सुस्त, खालच्या पट्टीतला आवाज बॅटरीचा. दिवाळीनंतर पंप खुंटीला टांगला जातो तो जूनपर्यंत. रिकाम्या बॅटरीत शिशाच्या पट्ट्यांवर गंधकाच्या क्षाराचा थर घट्ट बसतो, आणि मग कितीही चार्ज केली तरी ती दोन टाक्यांत मान टाकते. उन्हाळ्यातही महिन्याला एकदा चार्जिंगला लावायची, बस. मोटर नुसतीच हुंकारली आणि फिरली नाही, तर लगेच बटण बंद करावं. गेल्या हंगामातलं वाळलेलं औषध रबराला चिकटलंय, आणि आणखी मिनिटभर तसंच ठेवलं तर मोटर जळेल.

दिवेलागणीला तो फोनवाला पंप घेऊन दुकानात आलाच. मिस्त्रीने आधी विचारलं, "धुतला का?" तीनदा, म्हणाला. तरी मिस्त्रीने हातमोजे चढवूनच गन खोलली आणि आतलं वायसर चिमटीत धरून दाखवलं. गोल राहिलं नव्हतं. एका बाजूने चपटं, मध्ये केसाएवढी चीर. नवं बसवलं, टाकीत दोन तांबे पाणी घातलं, बटण दाबलं, गन बंद केली. मोटर घरघरून थांबली. आम्ही तिघंही कान देऊन उभे. रस्त्यावरून एक ऑटो गेला. मिस्त्रीने मनातल्या मनात वीसपर्यंत मोजलं असावं, मग पट्टा गिऱ्हाइकाच्या खांद्यावर टाकला.