‘आडनाव काय म्हणालात?’

१९९३ साली जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यातून मी नाशिकला आलो. जवळ एक लोखंडी पेटी, आय.टी.आय.चे फिटरचे प्रमाणपत्र आणि शाळेतल्या मास्तरांनी दिलेली एक चिठ्ठी, एवढाच संसार होता. सी.बी.एस. स्थानकावर एस.टी.तून उतरलो. दुसऱ्या दिवशी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्यात काम मिळाले. मालकाने हात चालतो का ते पाहिले आणि सोमवारपासून ये म्हणाला. यंत्राला आडनाव लागत नव्हते. खोलीला मात्र लागत होते.

चार दिवसांत मी तीन घरे पाहिली. तिसऱ्या घरातल्या गृहस्थांनी चहा दिला. पगार विचारला, गाव विचारले, लग्न झाले का तेही विचारले. सगळे जमले. डिपॉझिट मोजायला मी खिशात हात घातला आणि ते सहज म्हणाले, “आडनाव काय म्हणालात?” मी काहीच म्हणालो नव्हतो. तेव्हा सांगितले. त्यांचा चेहरा बदलला नाही, आवाजही चढला नाही. “भावाला विचारून कळवतो,” एवढेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्या रस्त्याने गेलो. ‘खोली भाड्याने देणे आहे’ ही पाटी जागेवर होती. गावात वेशीबाहेर राहिलो त्याचे दुःख होतेच. पण शहरात वेस दिसतही नाही आणि माणूस तिला धडकतो, हे त्या दिवशी कळले.

दोन रात्री मी स्थानकाच्या बाकावर काढल्या. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या मशीनवरच्या माणसाने डबा पुढे सरकवत हळूच विचारले, “जयभीम का?” मी मान हलवली. संध्याकाळी तो मला सातपूरजवळच्या आपल्या वस्तीत घेऊन गेला. त्याच्या आईने माझ्या पेटीकडे पाहिले आणि विचारले, “गाव कोणतं रे बाबा? जेवला का?” या दोन प्रश्नांत माझी चौकशी संपली. त्या घरात आधीच सहा माणसे होती. सातव्यासाठी माळ्यावर जागा झाली. पहिल्या पगारापर्यंत मावशीने भाड्याचा शब्दही काढला नाही.

परका माणूस शहर शिकतो ते चुका करत. रिक्षावाल्याने मागे चार आणि स्वतःच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस बसवला, तेव्हा मला वाटले गाडी बंद पडली म्हणून लोक गोळा झाले आहेत. ती शेअर रिक्षा होती. एकदा एकाने “बुधवारी गंगेवर ये, बाजार स्वस्त असतो” असे सांगितले. गंगा म्हटल्यावर मला काशी आठवली. नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतात आणि बुधवारचा बाजार तिच्या काठावर भरतो, हे कळेपर्यंत दोन बुधवार गेले. रात्रपाळी सुटली की वस्तीतले दहाबारा जण एकत्र चालत यायचे, कारण एकट्यादुकट्याला कुत्री आणि पोलीस दोघेही अडवायचे. माझे नाशिक असे पायाखालून सुरू झाले.

वस्तीच्या मध्यभागी पत्र्याचे विहार होते. दर रविवारी तेथे वंदना होई आणि वंदनेनंतर खरा कारभार सुरू होई. कोणत्या कारखान्यात वेल्डर पाहिजेत, कोणाच्या मुलीला वसतिगृहात प्रवेश हवा आहे, कोणाचा ठेकेदार फंडाचे पैसे बुडवतो आहे, कोणाच्या घरी डिलिव्हरीसाठी रात्री रिक्षा लागेल, हे सगळे तेथे बोलले जाई. जिल्ह्यातल्याच देशवंडीच्या वामनदादा कर्डकांची गाणी तेथे एखाद्या रात्री पहाटेपर्यंत चालत. आमच्यासारख्यांसाठी ते विहार म्हणजे सेवायोजन कार्यालय, वाचनालय, पतपेढी आणि माहेर असे सगळे एकाच छपराखाली होते.

१९९५ च्या पावसाळ्यात एका रात्री कोपऱ्यावरच्या दुकानात फोन आला. गावी वडील गेले होते. महिनाअखेर होती आणि खिशात वीस रुपये होते. मी कोणाकडे काही मागितले नाही. मी पेटी भरेपर्यंत मावशीने पाच घरांतून प्रवासाचे पैसे गोळा केले. माझ्या पाळीचे काम एकाने अंगावर घेतले. दोघे जण सोबत गावापर्यंत आले. परतल्यावर मी पैसे द्यायला गेलो, तेव्हा मावशी म्हणाली, “मला नको देऊ. उद्या कोणी असाच येईल, त्याला दे.” व्याजासकट फेडायचे हे कर्ज माझ्यावर तेव्हापासून आहे.

२००८ च्या सप्टेंबरात गोदावरीला महापूर आला, तेव्हा या शिकवणीची परीक्षा झाली. पाणी काठावरच्या घरांत आणि बाजारात शिरले. आमची वस्ती नदीपासून लांब होती. पण त्या रात्री घराघरांतून भाकऱ्या आणि चटणी गोळा झाली, पोरांनी ती रिक्षांत भरली आणि काठावरच्या वस्त्यांत नेऊन वाटली. भाकरी घेणाऱ्याचे आडनाव कोणी विचारले नाही. पुढे २०१६ आणि २०१९ च्या पुरातही पोरे अशीच धावली.

ही रीत आमच्या वस्तीने शोधून काढलेली नाही. या शहरात तिचा इतिहास मोठा आहे. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा निघालेली मिरवणूक मैलभर लांब होती. मंदिराचे दरवाजे बंद करून घेतले गेले. रामनवमीच्या रथाच्या वेळी सत्याग्रहींवर दगड पडले. तरीही लढा पुढे पाच वर्षे तगला. आपण दरवर्षी या दिवसाचे स्मरण करतो, भाषणे करतो. पण एक गोष्ट क्वचितच बोलली जाते. त्या सत्याग्रहातले हजारो स्त्रीपुरुष खेड्यापाड्यांतून आलेले होते. सत्याग्रहाची धुरा वाहणारे कर्मवीर दादासाहेब गायकवाड स्वतः दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. बाहेरून आलेली एवढी माणसे या शहरात टिकून राहिली, याचा अर्थ कोणीतरी त्यांना अंथरूण दिले, कोणीतरी पीठ दळले, कोणीतरी चूल पेटवली. मंदिराचे दार बंद होते तेव्हा गरिबांच्या झोपड्यांची दारे उघडी होती. या बिननावाच्या दारांवर लढे उभे राहतात.

आणखी मागे जायचे असेल तर त्रिरश्मी लेण्यांवर चला. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा त्यांच्याशी काडीचा संबंध नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी खोदायला सुरुवात झालेली ही चोवीस बौद्ध लेणी आहेत आणि त्यांच्या भिंती लेखांच्या रूपाने बोलतात. दहाव्या लेण्यातल्या लेखात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात सांगतो की हे लेणे ‘चातुर्दिस’ भिक्खुसंघाला दिले आहे. चातुर्दिस म्हणजे चारी दिशांचा. पूर्वेचा असो की पश्चिमेचा, जो भिक्खू येईल त्याची ही जागा. त्याने नुसते लेणे दिले नाही. गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे दोन हजार कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले. वर्षाचे व्याज होते दोनशे चाळीस. त्यातून वर्षावासात तेथे राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. हिशेब तंतोतंत जुळतो. हे गोवर्धन गाव आजही नाशिकला लागून आहे.

त्याच डोंगरावर उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने लेणे कोरवले. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने कुंभार, तेली अशा कारागिरांच्या श्रेणींकडे रक्कम ठेवून आजारी भिक्खूंच्या औषधाची सोय केली. मुगुदास नावाच्या एका दासकाने, म्हणजे मासेमाराने, कुटुंबासह लेण्याचे दान दिले. परदेशी, स्त्री, मासेमार, विणकर अशा सगळ्यांची नावे त्या एका डोंगरावर आहेत. या शहराचा सर्वांत जुना दस्तऐवज आलेल्यांच्या स्वागताचा आहे, हे आपण आपल्या मुलांना सांगितले पाहिजे.

आता जे सांगायचे आहे ते सांगताना लाज वाटते, पण चळवळीच्या वाचकांपुढे खोटे बोलून उपयोग नाही. पंधरा वर्षांपूर्वी मी वस्ती सोडून स्वतःचे घर बांधले. वर एक खोली काढली, म्हाताऱ्यापणी भाडे येईल म्हणून. मागच्या वर्षी पेठ तालुक्यातले दोन आदिवासी तरुण ती खोली विचारायला आले. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर काम करत होते. हातात लोखंडी पेटीऐवजी पाठीवर बॅगा होत्या, एवढाच फरक. मी पगार विचारला, गाव विचारले आणि पाठोपाठ माझ्याच तोंडून शब्द निघाले, “आडनाव काय म्हणालात?” पोरांनी सांगितले आणि मान खाली घातली. ती मान मला ओळखीची होती. माझी मुलगी दारात उभी होती. ती काही बोलली नाही, फक्त माझ्याकडे पाहत राहिली. तीस वर्षांपूर्वी ज्या गृहस्थांचा मला राग आला होता, ते माझ्याच खुर्चीत बसले होते. मी मुलीला म्हणालो, “दोन ताटं वाढ.” पोरे आजही वर राहतात.

मित्रहो, जात मनुवाद्यांच्या पोथीत आहे तशी ती आपल्या जिभेवरही येऊन बसते. आज शहरात खोली नाकारण्याची भाषा सभ्य झाली आहे. “शाकाहारी आहात ना?” असे विचारले जाते, “सोसायटीचा नियम आहे” असे सांगितले जाते. त्याविरुद्ध बोलायचेच. पण त्याआधी आपले काय? सिडकोत, इंदिरानगरात, गंगापूर रोडला घरे झाल्यावर किती जणांनी विहाराची वाट सोडली? किती जण आपल्याच माणसाला तू कोणत्या जिल्ह्याचा, कोणत्या गटाचा, म्हणून बाजूला बसवतात? उत्तरेकडून आलेला मजूर, सुरगाण्याचा आदिवासी, भटका-विमुक्त, मुसलमान कामगार दारात आला तर आपला पहिला प्रश्न कोणता असतो?

काम फार मोठे नाही. प्रत्येक विहारात एक वही ठेवावी. कोणाकडे खोली रिकामी आहे, कोणाकडे एक डबा वाढू शकतो, कोण रात्री दवाखान्यात सोबत येईल, एवढे तिच्यात लिहावे. विहाराच्या छपराखाली चार टेबले टाकून अभ्यासिका चालवावी आणि ती चारी दिशांच्या मुलांना खुली ठेवावी. जयंतीच्या वर्गणीतला काही भाग या कामासाठी बाजूला काढावा. दोन हजार वर्षांपूर्वी या शहराला व्याजाचा चोख हिशेब ठेवून आलेल्यांची सोय लावता आली, तर आपल्याला का येऊ नये?

मावशी आज हयात नाही. तिच्या नावाची पाटी कुठे लागणार नाही. तिने मला शहर दिले ते दोन प्रश्नांत दिले. गाव कोणते आणि जेवलास का. तिसरा प्रश्न तिला ठाऊक नव्हता. तो आपणही विसरू या.